एका मार्काचा प्रश्न

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा डिसेंबर २०२४ मध्ये झाला, हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहेच. (फोटोही सगळ्यांना पोचले आहेत. त्यात मी डोळे मिटून बसलेला दिसतो, त्याला माझा इलाज नाही!) जेवणे झाल्यावर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा एक गृहस्थ जवळ आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला,

"सर, ओळखलंत का? सायकलच्या दुकानवाल्याचा मुलगा. आठवी ब."

दुकान आठवले, वडील आठवले, मुलगा मात्र पटकन आठवेना. तो हसत म्हणाला, "सर, १९८१ च्या सहामाहीत तुम्ही माझा अर्धा मार्क कापला होता."

आता त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा अर्धा मार्क कोणाला आठवणार? पण त्याला आठवत होता. प्रश्न होता, ‘इस्लाम धर्माची मुख्य शिकवण कोणती?’ एका वाक्यात उत्तर, एक मार्क. अपेक्षित उत्तर ठरलेले : ईश्वर एकच आहे, मूर्तिपूजा करू नये. या पोराने लिहिले होते की अल्ला एक आहे, पण तो एक-दोन-तीन मधला एक नाही. दोन असू शकले असते आणि एकच निघाला, असा तो एक नाही; त्याच्यासारखे दुसरे काहीच नाही, म्हणून तो एक. आणि त्यावर मी लाल पेनाने लिहिले होते : ‘प्रश्न नीट वाचा.’

"वडील सांगायचे तसं लिहिलं होतं," तो म्हणाला. मग दुसरे कोणीतरी फोटोसाठी ओढून घेऊन गेले आणि बोलणे तेवढ्यावरच राहिले.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यात इस्लामच्या उदयाचा धडा किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही. ‘एकेश्वरवाद’ हा शब्द फळ्यावर लिहायचा, खाली रेघ मारायची आणि पुढे जायचे. त्या शब्दात समजून घेण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटलेच नाही. एक म्हणजे एक. त्यात काय कळायचे?

निवृत्त माणसाकडे वेळ असतो. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणली, जमेल तसे इंग्रजीही वाचले. आणि जे वाचले ते सांगितल्याशिवाय मास्तराला चैन पडत नाही. तर ऐका.

सुरुवात मक्केपासून. महंमद पैगंबरांचा जन्म साधारण इ. स. ५७० चा. आमची समजूत अशी की त्यापूर्वीच्या अरबांना ‘अल्ला’ माहीतच नव्हता. तसे नाही. मक्केच्या लोकांना अल्ला माहीत होता, तो सर्वांत वरचा, सृष्टी निर्माण करणारा, हेही त्यांना मान्य होते. पण त्याच्याबरोबर अल-लात, अल-उझ्झा, मनात अशा देवी होत्या आणि निरनिराळ्या टोळ्यांची निरनिराळी दैवते होती. काब्यात ३६० मूर्ती होत्या असे परंपरा सांगते. म्हणजे भांडण ‘देव आहे की नाही’ याचे नव्हते, ‘देवाला वाटेकरी आहेत का’ याचे होते. इस्लाममध्ये सर्वांत मोठे पाप मानतात त्याला ‘शिर्क’ म्हणतात. त्याचा अर्थ वाटेकरी करणे. आपण ‘शरीक होणे’ म्हणतो ना, तोच धातू. आणि त्याच्या उलट ते ‘तौहीद’, म्हणजे एक मानणे, एक करणे.

६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले, ६३० मध्ये परत आले तेव्हा काब्यातील मूर्ती काढल्या गेल्या. इथपर्यंत आमच्या पाठ्यपुस्तकात होते. कुराणात ११२ वा अध्याय आहे, अवघ्या चार लहान वाक्यांचा. ईश्वर एक आहे, त्याला कोणाची गरज नाही, तो कोणाचा बाप नाही की लेक नाही आणि त्याच्या तोडीचे कोणी नाही, असा त्याचा आशय. लहान मुलांनाही तो पाठ असतो. त्यात ‘एक’ या अर्थी जो अरबी शब्द आला आहे तो ‘अहद’. एक-दोन-तीन मोजताना जो वापरतात तो ‘वाहिद’. भाष्यकारांनी या फरकावर पुष्कळ लिहिले आहे. ‘अहद’ म्हणजे ज्याच्यानंतर दोन येत नाही असा एक.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आठवी ब मधला मुलगा दुसरे काय लिहीत होता?

पुढे हा विश्वास साम्राज्याचा झाला. अब्द अल-मलिक नावाच्या खलिफाने ६९६-९७ च्या सुमारास नाणी बदलली. तोपर्यंत चालत आलेल्या नाण्यांवर राजाची मुद्रा असे. नव्या नाण्यांवर चित्र नाही, राजा नाही, फक्त अक्षरे. आणि त्यांत याच अध्यायातले शब्द. बाजारात भाजी घेतानाही माणसाच्या हातात तौहीद येऊ लागला. (राजाने नाण्यावरून स्वतःचा चेहरा काढून टाकला, हे मला फार विशेष वाटले.)

पण खरी गंमत, किंवा खरे दुःख म्हणा, यानंतर सुरू होते. कारण ‘ईश्वर एक आहे’ यावर सगळ्यांचे एकमत झाल्यावर ‘एक म्हणजे काय’ हा प्रश्न उभा राहिला.

बसरा शहरात हसन अल-बसरी नावाचे मोठे गुरू होते, ते ७२८ मध्ये वारले. त्यांच्या बैठकीतून वासिल इब्न अता हा शिष्य एका मुद्द्यावर मतभेद होऊन उठून बाजूला गेला, अशी कथा आहे. ‘बाजूला झालेले’ म्हणून त्या पंथाचे नाव मुतझिला. ही मंडळी तर्काची. ते स्वतःला ‘न्यायाचे आणि एकत्वाचे लोक’ म्हणवून घेत आणि त्यांच्या पाच तत्त्वांत पहिले तत्त्व तौहीद.

त्यांचा प्रश्न साधा होता. ईश्वर सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे, तो बोलतो, असे आपण म्हणतो. मग हे ज्ञान, ही शक्ती, ही वाणी ईश्वराहून निराळ्या वस्तू आहेत का? आणि त्या अनादि आहेत का? असतील तर एका अनादि ईश्वराशेजारी दुसऱ्या अनादि गोष्टी उभ्या राहिल्या. मग तो एक कसा? म्हणून ते म्हणत, हे गुण निराळे नाहीतच. आणि कुराण ही ईश्वराची वाणी असली तरी ती त्याने निर्माण केलेली आहे, अनादि नाही.

समोरच्यांना हे ऐकवेना. त्यांचे म्हणणे, ईश्वराची वाणी निर्माण झालेली असेल तर ती निर्माण होण्याआधी ईश्वर काय मुका होता? कुराण त्याच्या ज्ञानातून आले. त्याचे ज्ञान निर्माण झाले म्हटले तर त्याआधी तो अज्ञानी होता काय? असा उणा ईश्वर आम्हाला मान्य नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद परका वाटायचे कारण नाही. मीमांसक म्हणत की वेद अपौरुषेय आहे, नित्य आहे, तो कोणी केलेला नाही. नैयायिक म्हणत की वेद ईश्वराने केलेला आहे. शब्द नित्य की अनित्य, यावर आपल्या पंडितांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. बी. ए. ला असताना मला तो कंटाळवाणा वाटला होता. पण त्यासाठी कोणी कोणाला फटके मारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. बगदादमध्ये मात्र तसे घडले.

खलिफा मामून ८१३ ते ८३३ या काळात राज्यावर होता. हा माणूस अडाणी, हेकट सुलतान असता तर गोष्ट सोपी होती. पण तो विद्वानांचा पोशिंदा. ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे त्याच्या काळात जोरात झाली. ज्याच्या पुस्तकाच्या नावातून ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला तो अल-ख्वारिझ्मी त्याच्याच पदरी. पृथ्वीचा आकार काढण्यासाठी त्याने ज्योतिष्यांना सिंजारच्या सपाट प्रदेशात पाठवून एका अंशाचे अंतर मोजून घेतले. मी शिक्षक म्हणून त्याच्या दरबारात असतो तर त्याच्या प्रेमातच पडलो असतो.

आणि याच मामूनने ८३३ मध्ये बगदादचा कारभार पाहणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याला पत्र धाडले : काझींना आणि हदीस सांगणाऱ्या विद्वानांना बोलावून विचारा, कुराण निर्मित आहे की नाही? निर्मित नाही म्हणणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरू नका. ख्रिस्ती लोक येशूला ईश्वराचा शब्द म्हणून अनिर्मित मानतात, तीच चूक हे लोक करीत आहेत, असेही त्याने कळवले. म्हणजे त्याच्या मते तो तौहीदचेच रक्षण करीत होता.

या प्रकरणाला इतिहासात ‘मिहना’ म्हणतात. मिहना या अरबी शब्दाचा अर्थ काय असेल? परीक्षा. कसोटी. हा अर्थ वाचला तेव्हा मला माझा लाल पेन दिसला.

एकेक विद्वान बोलावला गेला. बिश्र इब्न अल-वलीद नावाचे एक काझी होते. त्यांची जबानी इतिहासकार तबरीने नोंदवली आहे. त्यांना विचारले, कुराणाबद्दल काय म्हणता? ते म्हणाले, ती ईश्वराची वाणी आहे. तसे नव्हे, ती निर्मित आहे का? तर उत्तर, ईश्वर सर्व वस्तूंचा निर्माता आहे. मग कुराण ही वस्तू आहे का? आहे. म्हणजे ती निर्मित? तर म्हणाले, ती निर्माता नाही! पुन्हा विचारले तेव्हा, याहून चांगले मला सांगता येत नाही म्हणून गप्प बसले. पेपरात अडलेला हुशार मुलगा जसे उत्तर लिहितो, अगदी तसे. खोटे लिहायचे नाही आणि नापासही व्हायचे नाही. पस्तीस वर्षांत अशी उत्तरे मी ढिगाने वाचली आहेत.

दटावणी वाढली तसे बहुतेकांनी मान तुकवली. अखेर दोघे उरले, अहमद इब्न हनबल आणि मुहंमद इब्न नूह. दोघांना बेड्या घालून मामूनकडे पाठवण्यात आले. तो तेव्हा बायझंटाईन सीमेवर मोहिमेवर होता. हे दोघे वाटेत असतानाच, ऑगस्ट ८३३ मध्ये, मामून वारला. त्यांना परत फिरवले. परतीच्या वाटेवर मुहंमद इब्न नूह मरण पावले. उरले एकटे अहमद.

अहमद इब्न हनबल तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी कूफा, बसरा, मक्का, मदिना, येमेन असे फिरून त्यांनी पैगंबरांची वचने गोळा केली होती. साधी राहणी, दरबारापासून दूर. मामूननंतर आलेल्या मुअतसिमने त्यांना तुरुंगातून काढून समोर उभे केले. वाद घालणारे पंडित समोर बसलेले. अहमद यांचे एकच म्हणणे : कुराणातले किंवा पैगंबरांच्या वचनातले काही दाखवा, म्हणजे मी मान्य करतो. ते कोणी दाखवेना आणि तर्काच्या कुस्तीत हे उतरेनात. शेवटी चाबकाचे फटके मारले. दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, मत बदलले का? नाही.

त्यानंतरचा खलिफा वासिक. त्याच्या काळात ८४५ मध्ये बायझंटाईनांशी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. शत्रूच्या तुरुंगात वर्षानुवर्षे पडलेले मुसलमान सैनिक नदीपलीकडून घरी यायचे, त्यांना सीमेवर हाच प्रश्न विचारण्यात आला! कुराण निर्मित आहे म्हणाल तर सोडवून घेतो, नाही तर तिथेच राहा. मी हे दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी अहमद इब्न नस्र नावाच्या विद्वानाला स्वतः वासिकने तलवारीने मारले.

८४७ मध्ये मुतवक्किल आला आणि त्याने पुढच्या काही वर्षांत ही परीक्षा बंद केली. म्हणून त्याला उदार समजू नये. त्याच्याच हुकमाने करबला येथील हुसेन यांची कबर जमीनदोस्त झाली आणि ख्रिस्ती-ज्यूंवर निराळ्या पोशाखाची सक्ती आली. परीक्षा बंद झाली, परीक्षकाचा स्वभाव राहिला.

अहमद ८५५ मध्ये बगदादला वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी झाली. इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी शाखांपैकी एक, हनबली, त्यांच्या नावाने आजही आहे. आणि मुतझिला? त्यांचे नाव राहिले, पण त्यांच्या विचारांची माहिती पुष्कळ काळ त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतूनच मिळत राहिली. येमेनमधल्या झैदी पंथीयांनी मात्र त्यांचे ग्रंथ जपून ठेवले होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तचे अभ्यासक तिथे गेले तेव्हा मुतझिला पंडित काझी अब्द अल-जब्बार (मृत्यू १०२५) यांचा प्रचंड ग्रंथ हाती लागला. हरलेल्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकायला नऊशेहून अधिक वर्षे लागली! इतिहासाच्या शिक्षकाने ही गोष्ट वर्गात सांगायला हवी होती. मला ती तेव्हा माहीतच नव्हती.

तडजोड काढली ती अल-अशअरी यांनी. हे स्वतः चाळिशीपर्यंत मुतझिला होते, मग बाहेर पडले; ९३५-३६ च्या सुमारास वारले. त्यांच्या परंपरेने सांगितले की ईश्वराचे गुण म्हणजे ईश्वर नव्हेत आणि ईश्वराहून वेगळेही नव्हेत. आणि ‘कसे’ हे विचारू नये. पहिल्यांदा वाचताना ही पळवाट वाटली. आता तसे वाटत नाही. माणसाच्या भाषेत ‘एक’ हा शब्द मोजण्यासाठीच तयार झाला आहे. जे मोजता येत नाही त्याला तो लावला की तो कुठेतरी कमी पडणारच. हे प्रामाणिकपणे कबूल करणे, इतकाच त्याचा अर्थ असावा.

वाद तिथे संपला नाही. पुढे इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्यासारख्या सूफींच्या परंपरेने, ईश्वर एक म्हणजे खरे अस्तित्वच त्याचे एकट्याचे, इथपर्यंत मजल मारली. उलट अरबस्तानात मुहंमद इब्न अब्द अल-वहाब (१७०३–१७९२) यांनी त्याच तौहीदच्या नावाने कबरींची भक्ती हा शिर्क ठरवला. आपल्याकडे दर्ग्याच्या उरुसाला जाणारा मुसलमान आणि ते चूक मानणारा मुसलमान, दोघेही ईश्वर एकच मानतात. भांडण आहे ते ‘एक’ या शब्दापाशीच.

मला यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही की मामून आणि अहमद, दोघेही तौहीदच्याच बाजूने उभे होते. एकाला भीती होती की ईश्वराशेजारी दुसरे काही अनादि उभे राहील. दुसऱ्याला भीती होती की पंडितांच्या तर्कात ईश्वराची वाणीच निसटून जाईल. दोन्ही भीती खऱ्या. चर्चा बसऱ्याच्या मशिदीत चालू राहिली असती तर दोघांनी एकमेकांना पुष्कळ शिकवले असते. धर्मात शेवटचा शब्द खलिफाचा की विद्वानांचा, हा सत्तेचा प्रश्नही त्यात होता, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खरेच असणार. पण मामूनची चूक त्याच्या उत्तरात नव्हती. एका वाक्यात उत्तर द्या, एवढेच उत्तर बरोबर, असे म्हणून त्याने त्या प्रश्नाची परीक्षा केली, तिथे तो चुकला.

चाबकाची आणि माझ्या लाल पेनाची तुलना हास्यास्पद आहे, कळते मला. तरीही.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याला अहद-वाहिदचा फरक सांगितला, अहमद इब्न हनबल यांची गोष्ट सांगितली. त्यांचे नाव त्याला माहीत होते, गोष्ट माहीत नव्हती. तो शांतपणे ऐकत होता. मी म्हटले, "अरे, तुझं उत्तर पुस्तकापेक्षा बरोबर होतं. वडील आणखी काय काय सांगायचे, ते लिहून काढ ना. मला वाचायचं आहे."

थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "सर, तेवढंच आठवतं. ते उत्तर चुकलं म्हणून घरी सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, शाळेत सर सांगतील तेच लिहीत जा. मग मी पुस्तकातलंच लिहायला लागलो. पुढं सगळे मार्क मिळाले, सर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वडील १९९० मध्येच गेले, असे त्याने सांगितले. दुकान आता भाच्याकडे आहे.

असो. माझे अरबी शून्य आहे, तेव्हा नावांच्या उच्चारात चुका असतील. जाणकारांनी दुरुस्त कराव्यात. आणि घरातल्या शिक्षकांना (आता तीन झालात!) एक विनंती. एका मार्काच्या प्रश्नाला कोणी मुलाने चार ओळी लिहिल्या तर लाल पेन उचलण्याआधी त्याला एकदा जवळ बोलावून विचारा, "हे तुला कोणी सांगितलं रे?"